काळी पोलो आणि शंभर मायक्रॉन

माझं रोजचं काम मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतं. चाकणच्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. झिंक प्लेटिंग ८ ते १२ मायक्रॉन, पावडर कोटिंग ६० ते ८०. आकडा खाली घसरला की लॉट बाजूला. त्यामुळे सेकंडहँड घेतलेल्या काळ्या फोक्सवॅगन पोलोला चमक आणायचा विषय घरात निघाला, तेव्हा बाकीचे पॉलिश कुठलं आणायचं यावर वाद घालत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. घासायला मुळात शिल्लक किती आहे?

गाडी २०१४ची. पावसाळ्यात घेतली, ढगाळ उजेडात बघितली, छान दिसली. ढगाखाली कुठलाही काळा रंग छानच दिसतो. ऑक्टोबरचं ऊन बॉनेटवर पडलं आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांचं गोल जाळं उठून आलं. हे चरे खरं तर गोल नसतात. ते सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात, पण त्यातले जे प्रकाशाला काटकोनात येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. टॉर्च सरकवली की वर्तुळंही तिच्यामागे सरकतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ती असतातच, फक्त सहज दिसत नाहीत.

कारण शोधायला लांब जायला नको. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला मामा येतात. एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या. पहिल्या गाडीवरची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते. मामांना बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याला आपण जे पैसे देतो त्यात दर गाडीला वेगळं फडकं बसत नाही. शिवाय दसऱ्याला आपणच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूच्या हाराची तार पुढचे चार दिवस रंगावर घासू देतो आणि मग वाळलेलं कुंकू कोरड्या कपड्याने खसाखसा पुसतो. काळ्या गाडीच्या बॉनेटवर बरोबर मधोमध जास्त चरे का, याचं उत्तर मला त्या स्वस्तिकाच्या जागेत मिळालं.

साहेबांना विचारून शनिवारी कोटिंग थिकनेस गेज, म्हणजे थराची जाडी मोजायचं यंत्र, घरी आणलं. कोऱ्या पत्र्यावर शून्य केलं, ठरावीक जाडीच्या फॉइलवर तपासलं आणि गाडीभोवती फिरले. हे यंत्र चुंबकीय तत्त्वावर चालतं, प्रोब लोखंडापासून किती दूर आहे एवढंच सांगतं. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे आकडा येत नाही. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचा थरही त्याच आकड्यात मोजला जातो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ते सगळ्या थरांची बेरीज दाखवतं. त्यातलं क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, किती, हे त्याला सांगता येत नाही.

छपरावर ११० ते ११८, बॉनेटवर १०२ ते ११०, उजव्या बाजूचे दरवाजे १०५ ते ११५. कंपनीतून रंगून आलेल्या गाडीला शोभेलसे आकडे. पत्र्यावर आधी गंजरोधक प्रायमरचा बुडवून दिलेला थर, साधारण २० मायक्रॉन. त्यावर दुसरा प्रायमर. त्यावर रंग, म्हणजे बेस कोट, जेमतेम १५. आणि सगळ्यात वर रंगहीन क्लिअर, ३५ ते ५०. झेरॉक्सचा साधा कागद बोटात धरून बघा, गाडीचे सगळे थर मिळून तेवढीच जाडी भरते. आपण जे काही घासतो ते त्यातल्या वरच्या निम्म्याच्याही आत. त्यातही ऊन अडवणारी द्रव्यं क्लिअरमध्ये असतात. ते फार पातळ झालं की दोन-चार उन्हाळ्यांत छपरावर पांढुरके चट्टे येतात, मग पापुद्रे सुटायला लागतात. गॅरेजवाले त्याला ‘क्लिअर उडालं’ म्हणतात आणि त्यावर पॉलिश हा इलाज नाही, फक्त रंगकाम.

डाव्या मागच्या दरवाजावर प्रोब टेकवला आणि आकडा आला ३१०. पुन्हा टेकवला, २९०. खालच्या कडेला ३४०. दरवाजा नंतर रंगवलेला. विकणाऱ्याने ‘ताई, एक पॅनल टच नाही, सगळा ओरिजिनल पेंट’ असं सांगितलं होतं. पुट्टी जाड भरलेली असती तर आकडा ५००च्या वर, हजाराकडे गेला असता, तेव्हा मोठा अपघात नसावा. ओरखडा घालवण्यासाठी रंगवला असेल. गाडी परत द्यायचा प्रश्नच नव्हता. पण या एका दरवाजाने पुढे मला बाकीच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त शिकवलं.

पर्याय तीन होते. एका डिटेलिंग स्टुडिओने करेक्शन (म्हणजे चरे काढणं) आणि वरून सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर मिळून वीस हजारांच्या वरचा आकडा सांगितला. नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ दोन हजारांत, संध्याकाळी गाडी घेऊन जा. तिसरा पर्याय स्वतः करायचा.

गॅरेजमध्ये मी तासभर उभी राहून बघितलं. तिथले उस्ताद रोटरी मशीन चालवत होते, म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारं, लोकरीच्या पॅडचं. नुकत्याच रंगवलेल्या फेंडरवर त्यांनी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, रंग पार मॅट करून टाकला, आणि मग बफ मारून त्याच जागी आरसा काढला. हात असा की मशीन पॅनलवर तरंगतंय असं वाटावं. मी कडांबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘कडेवर रंग टिकत नाही, मारतानाच पळतो. तिथे बफ गेला की आधी कड उघडी पडते.’ हे वाक्य मी कारखान्यात पावडर कोटिंगच्या पोरांना सांगते तेच, फक्त उलट्या टोकाकडून.

पण त्याच गॅरेजमधून नुकतीच पॉलिश होऊन आलेली शेजारच्या बिल्डिंगमधली एक काळी होंडा सिटी मी उन्हात पाहिली होती. चरे गेले होते आणि त्या जागी बॉनेटभर लांब लांब सावल्या आल्या होत्या, मान हलवली की हलणाऱ्या. यांना होलोग्राम म्हणतात. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे भरड कणांचं पॉलिश, चरे काढतं, पण स्वतःचे त्याहून बारीक चरे मागे ठेवतं, आणि नंतर मऊ फोमने बारीक पॉलिशचा हात दिला नाही तर ते तसेच राहतात. दोन हजारांत आणि एका दुपारी तो दुसरा हात कोण देणार? त्यावर तेलकट ग्लेझ फासलं की चार धुण्यांपर्यंत काही दिसत नाही. उस्तादांच्या कौशल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या दरात जे बसतं ते त्यांनी केलं होतं.

म्हणून तिसरा पर्याय.

रोटरीच्या वाटेला मी गेलेच नाही. त्यात सगळा घर्षणाचा ताप एका जागी जमतो आणि नवख्या हाताखाली क्लिअर जळायला फार वेळ लागत नाही. मी घेतलं ते ड्युअल ॲक्शन, बोलीत ‘डीए’. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय केंद्राभोवती डगमगत घिरट्या घेतं. त्या घिरटीचा व्यास माझ्या मशीनला १५ मिलिमीटर. चाल सतत बदलत राहिल्यामुळे ताप पसरतो आणि एकाच दिशेचे ओरखडे उठत नाहीत. इटालियन रुपेसचं मशीन या प्रकारात नावाजलेलं, पण त्याच्या किमतीत माझी दोन वर्षांची सर्व्हिसिंग निघेल. सहा हजारांच्या आतलं, ९०० वॉटचं साधं मशीन मला पुरलं.

पॉलिशची निवड हा खरा घोळ. नाना पेठेत दुकानात ‘पॉलिश द्या’ म्हटलं की काउंटरवर मेण, रबिंग कंपाउंड, ग्लेझ, ‘टेफ्लॉन’ असं सगळं एकाच नावाखाली येतं. त्यात दोनच जाती आहेत हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. एक, ज्यात अपघर्षक कण आहेत, म्हणजे जे क्लिअर झिजवून चरे काढतं. दुसरी, ज्यात ते नाहीत, म्हणजे मेण, सीलंट वगैरे, जे वर बसून राहतं. मेणाने चरा जात नाही, काही दिवस झाकला जातो. डबीवर ‘पॉलिश वॅक्स’ असं दोन्ही लिहिलेलं असेल तर थोडे कण आणि बरंच झाकण, असं समजायचं.

कणांच्या जातीतही उपप्रकार आहेत. मेन्झर्नासारख्या जर्मन कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होतात: सुरुवातीला चरे कापतात, शेवटी चमक देतात. त्यांना पुरेसा वेळ आणि मशीनची चाल मिळाली पाहिजे; अर्ध्यात पुसून टाकलं तर धुरकट राहतं. मेग्वायर्सच्या एम-२०५ सारख्या पॉलिशमध्ये कण मुळातच अतिबारीक आणि एकसारखे, ते फुटायची वाट पाहावी लागत नाही. म्हणून हाताने काम करायचं असेल तर मला दुसरा प्रकार सोयीचा वाटला. मी मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड आणि एम-२०५ घेतलं. पॅड तीन प्रकारची घेतली: मायक्रोफायबरचं, कडक फोमचं आणि मऊ फोमचं, प्रत्येकी एकापेक्षा जास्त, कारण भिजून तापलेलं पॅड कापणं सोडतं.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली. टूथपेस्टमध्ये कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी निवडलेले. फुकट मिळते म्हणून ५० मायक्रॉनवर प्रयोग करायला मी तयार नव्हते.

पॉलिशच्या आधीची सफाई कंटाळवाणी असते आणि तीच लोक गाळतात. भरपूर पाण्याने धुणं, मग बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. हे क्षार आहेत, पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने बरेचसे विरघळतात. मग आयर्न रिमूव्हर. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसलेले असतात, त्यांच्याशी ते जांभळं होतं. मागच्या चाकांजवळ आणि डिकीवर जांभळे ओघळ उतरायला लागले तेव्हा पार्किंगमधली पोरं जमली. वास आल्यावर पांगली. राहिलेलं सगळं क्ले बारने. साबणपाणी मारत मारत क्लेची वडी पॅनलवरून फिरवायची, खरखर थांबेपर्यंत. वडी जमिनीवर पडली तर उचलून पुन्हा वापरायची नाही. विलायती शिरीषाखाली गाडी उभी केल्यामुळे छपरावर चिकट ठिपक्यांची रांगोळी झाली होती, तीही यातच निघाली.

मग मास्किंग टेप. काळं प्लॅस्टिक, रबराचं बीडिंग, लोगो आणि उस्तादांच्या त्या वाक्यामुळे बॉनेटच्या व दरवाजांच्या सगळ्या कडा. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंड वाळलं की पांढरं बसतं आणि नंतर टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

जागा आमचं तळमजल्याचं पार्किंग. उन्हात हे काम होत नाही. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड पसरायच्या आत सुकतं. सोसायटीच्या पॉइंटवर मशीन लावायला सेक्रेटरींची परवानगी लागली. ‘बिल कोण भरणार’ असं त्यांनी विचारलं. चार तास सलग चालवलं तरी चार युनिटांच्या आत, हा हिशेब त्यांना कागदावर दिला. त्यांनी तो फाइलला लावला असणार याची मला खात्री आहे.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो, म्हणजे चाचणीचा चौकोन. बॉनेटच्या एका कोपऱ्यात टेपने दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखला. नियम एकच होता, पॅड आणि पॉलिशच्या सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची आणि काम भागलं की तिथेच थांबायचं. कारण सौम्य जोडी अपुरी पडली तर वर चढता येतं, जहाल जोडीने जे उडालं ते परत येत नाही.

पहिली जोडी: मऊ फोम आणि एम-२०५. फेऱ्या झाल्या, पुसलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्याने फिरवलं. हा अल्कोहोलचा हात महत्त्वाचा, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून राहतं आणि फसवतं. पुसण्याआधी बॉनेट सुंदर होतं. पुसल्यावर टॉर्च मारली, चरे जवळजवळ जसेच्या तसे. फोक्सवॅगनचं क्लिअर कडक असतं अशी ख्याती आहे, ती इथे पटली. दुसरी जोडी, तेच पॉलिश कडक फोमवर. साधारण अर्धे गेले. तिसरी, कंपाउंड मायक्रोफायबर पॅडवर. चरे गेले, पण मागे राखाडी झाक राहिली; म्हणजे अख्ख्या गाडीवर दुसरा हात द्यावा लागणार, आणि क्लिअर दोनदा झिजणार. चौथी, कंपाउंड कडक फोमवर. बारीक चरे गेले, खोल असलेले काही राहिले, झाक नाही. 

नख आडवं फिरवल्यावर जिथे अडकतं तो चरा पॉलिशने काढायचा नसतो, हा जुना आणि चांगला नियम आहे. तो चरा पूर्ण घालवायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. असे चरे माझ्या बॉनेटवर होते. पूर्ण कोरी, एकही रेघ नसलेली काळी गाडी हवी असेल तर ती मिळते, पण तिची किंमत रुपयांत नसते, मायक्रॉनमध्ये असते. मी चौथी जोडी निवडली. दहातले आठ चरे गेले की मला पुरे.

पद्धत सांगते, कारण निम्मं काम हातात आहे. पॅडवर तुरीच्या दाण्याएवढे चार ठिपके. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून ते चौकोनभर लावायचे, नाहीतर भिंतीवर नक्षी होते. मग सगळ्यात कमी वेगावर पसरायचं, नंतर वेगाचा आकडा चार-पाचवर न्यायचा. हात हळू: सेकंदाला इंचभर, याहून जास्त नाही. आधी उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. मग त्यावर आडव्या. अशा चार ते सहा फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. इथे नवख्याला वाटतं की दाबलं की जास्त कापेल. उलट होतं. डीएवर जास्त दाबलं, किंवा गोलाईवर पॅड तिरकं टेकलं, की पॅड फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी नुसतं थरथरतं. आवाज तोच राहतो म्हणून कळत नाही. त्यासाठी पॅडमागच्या तबकडीवर काळ्या मार्करने एक रेघ मारायची. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. दर चौकोनानंतर ब्रशने पॅड झाडायचं. पॅनलला अधूनमधून तळहात लावून बघायचं. कोमट ठीक, हात पटकन उचलावासा वाटला तर थांबायचं.

पांढऱ्या फडक्यावर येणारा मळ राखाडी होता. काळा आला असता तर मी तिथेच मशीन बंद केलं असतं, कारण याचा अर्थ क्लिअर संपून खालचा रंग निघतोय. माझ्या लहानपणी मात्र हेच उलट होतं. वडिलांच्या लाल मारुती ८००ला रबिंग केलं की फडकं लालभडक व्हायचं आणि आम्हाला ते चांगलं लक्षण वाटायचं. त्या रंगावर वेगळं क्लिअर नसायचं, रंग आणि चमक एकाच थरात. उन्हाने वरचा पापुद्रा गुलाबी पडायचा, तो काढला की खाली ताजा लाल. त्या काळच्या सवयी आजच्या गाडीवर चालवणारे लोक अजून भेटतात, आणि रबिंग हा दर दिवाळीचा कार्यक्रम मानतात.

आता तो दरवाजा. बाकी गाडीवर आरामात चाललेली जोडी मी डाव्या मागच्या दरवाजावर नेली. आधी अर्थातच छोटा चौकोन. दोन फेऱ्यांतच चरे गायब आणि सगळीकडे धुरकट झाक. कारण उघड आहे. कारखान्यात बॉडी १३० ते १४० अंशांच्या भट्टीतून जाते, तेव्हा तिच्यावर ना काच असते ना प्लॅस्टिक. गॅरेजमध्ये सगळं बसवलेल्या गाडीला तेवढं तापवता येत नाही. तिथलं दोन घटकांचं क्लिअर ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर वाळतं आणि बहुधा मऊ राहतं. जाडी तिप्पट, कडकपणा कमी. एकाच गाडीवर दोन वेगळी क्लिअर. या दरवाजाला मऊ फोम आणि एम-२०५, म्हणजे बॉनेटवर नापास झालेली पहिली जोडी, अगदी बरोबर बसली. ‘पोलोला कुठलं पॉलिश चांगलं’ या प्रश्नाला उत्तर का नसतं, ते मला त्या दरवाजाने दाखवलं. गेज घरी आणलं नसतं तर हा दरवाजा वेगळा आहे हेच कळलं नसतं.

मशीन जिथे पोचत नाही तिथे हात. दरवाजाच्या हँडलमागची खोबण, जिथे नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे असतात, आरशांचे कान, नंबर प्लेटच्या भोवती, डिकीच्या कुलपाची जागा. हाताच्या कामाला लोक कमी लेखतात. फोमचा छोटा ॲप्लिकेटर, त्यावर कंपाउंड, आणि फूटभर जागेवर दोन मिनिटं सलग घासलं तर हँडलच्या खोबणीत मशीनच्या तोडीचं काम होतं. खांदा भरून येतो, एवढंच. हाताने घासताना गोल गोल फिरवायचं नाही, सरळ रेघेत घासायचं, गाडी चालताना बाजूने हवा वाहते त्या दिशेने. जे काही राहील ते मग उन्हात वर्तुळ करून दिसत नाही. छोटी गाडी, हलके चरे आणि हलका रंग असेल तर मी कुणालाही मशीन घ्यायला सांगणार नाही. हाताने एका वेळी एक पॅनल, दर रविवारी, पुरतं. काळी गाडी आणि कडक क्लिअर असेल तर मात्र हात हरतो. बॉनेटवर हाताने प्रयत्न करून बघितला, चरे झाकले गेले, अल्कोहोल फिरवल्यावर परत आले.

सगळं झाल्यावर, ज्या बिंदूंवर आधी मोजलं होतं (टेपच्या खुणा ठेवल्या होत्या) तिथे पुन्हा मोजलं. बॉनेटवर १०६चे १०४, एके ठिकाणी १०५चे १०६. हो, वाढले. क्लिअर वाढत नसतं. एवढा फरक गेजच्या स्वतःच्या चुकीत मावतो. पॉलिशच्या एका हाताने दोन-तीन मायक्रॉन जातात असं म्हणतात, ते या यंत्राने सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ऑफिसमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी ‘फरक नाही’ असं लिहून सही केली असती. पण फरक नाही म्हणजे झीज नाही असं नव्हे, आणि अशा पाच-सहा ‘फरक नाही’ची बेरीज दहा वर्षांत काय होते ते मला ठाऊक आहे. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कागद ठेवलाय: तारीख, कुठल्या पॅनलवर कुठली जोडी, आधीचे नंतरचे आकडे. पुढे गाडी विकली तर घेणाऱ्याला दरवाजासकट तो कागद देणार.

वर सीलंट लावलं. कार्नोबा मेणाची चमक काळ्यावर जास्त खोल दिसते हे मान्य. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं ते मेण, तिथल्या दुष्काळी भागातलं. पण आपल्या उन्हात आणि पावसात ते काही आठवडेच टिकतं. सीलंट काही महिने जातं. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ, पण ते केलं तरी मामांच्या फडक्यातली माती थांबत नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

मामांशी बोलले. पैसे तेवढेच, पण माझी गाडी रोज पुसायची नाही. फक्त काच आणि चाकं. बाकी धूळ राहू दे. त्यांना आधी वाटलं, काम काढून घेतेय. मग गाडीवर टॉर्च मारून दाखवली, आधी माझ्या आणि मग शेजारच्या काळ्या गाडीवर. ‘हे मी केलंय?’ असं विचारून त्यांनी फडकं उलटंपालटं करून पाहिलं. मी म्हटलं, तुम्ही नाही, बादलीने केलंय. आता माझ्या धुण्याला दोन बादल्या असतात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, आणि त्यांनी नळाच्या पाइपला जोडायला एक बारीक फवारा मागून घेतलाय.

पॉलिश बघून टूथपेस्टवाले काका आपली जुनी पांढरी वॅगन-आर घेऊन खाली आले. ‘माझीपण करून दे, मशीन आहेच.’ गेज अजून परत केलं नव्हतं. बॉनेटवर लावलं: ८२, ७९, पुढच्या कडेजवळ ६८. दर दिवाळीला रबिंग करतात का, विचारलं. ‘गाडी घेतल्यापासून,’ काका अभिमानाने म्हणाले. मी मशीन बाहेर काढलंच नाही. गाडी धुऊन, क्ले करून, हाताने मेण लावून दिलं. काका जरा नाराज झाले. दिवाळीला पुन्हा नाक्यावर जाणार होते. कडेजवळचा आकडा मी मास्किंग टेपच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या बॉनेटच्या आतून चिकटवला, म्हटलं, तिथे गेलात तर आधी उस्तादांना हे दाखवा.